वही नंबर ३ आणि १७ नंबरची खोली : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

माझ्या जुन्या खेळाच्या वह्यांचं खोकं एकदाचं उघडलं. आत तीन वह्या, एक फुगलेली फाइल, सुटे ग्राफ पेपर आणि एक प्लॅस्टिकची डबी जिच्यात चिठ्ठ्या आहेत, चिठ्ठ्यांबद्दल नंतर लिहितो. पहिल्या दोन वह्यांत नुसती नावं आहेत, म्हणजे राज्यांची नावं, राजांची नावं, तलवारींची नावं, दोनशे पानी वहीत खेळण्यासारखं एक पानही नाही पण देवांची वंशावळ मात्र चार पानं, आणि त्यातले निम्मे देव एकमेकांचे काका लागतात. वही नंबर ३ मध्ये खरंच खेळलेलं डंजन आहे, म्हणजे राक्षस आणि खजिना असलेलं, खोल्याखोल्यांचं तळघर. पहिल्या पानावर तारीख १४ मे १९९७, खाली लाल स्केचपेनने "काळकोठडीचा शाप", आणि त्याच्याखाली "अतिगुप्त. खेळाडूने वाचल्यास त्याचं कॅरेक्टर जागच्या जागी मरेल."

मी १५ वर्षांचा होतो.

प्रकल्प असा: वही ३ स्कॅन करायची, टाइप करायची, आणि जमलं तर त्याच चौघांना तेच डंजन व्हिडिओ कॉलवर परत खेळवायचं. ज्यांनी हा प्रकार कधी बघितलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला आणि तिथून टेबलावर बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमची सुरुवात झाली असं धरतात. एक जण डीएम (डंजन मास्टर), त्याच्याकडे नकाशा आणि सगळी गुपितं, बाकीचे एकेक पात्र, "मी दार ढकलतो" म्हणायचं आणि ढकललं की काय होतं ते डीएम सांगणार, शंका असली तर फासे. तयार ॲडव्हेंचर मिळतात विकत. आम्हाला मिळत नव्हती म्हणून मी घरीच पाडायचो.

खेळाडूंची खरी नावं लिहिणार नाही, कॅरेक्टरच्या नावानेच ओळखायचं: वज्रबाहू (योद्धा), झिपरी (चोर, म्हणजे माझी ताई), त्रिशंकू (जादूगार) आणि धर्मा (क्लेरिक, म्हणजे पुजारी).

५ जानेवारी

स्कॅनिंग. पेन्सिलीचं लिखाण इतकं फिकं झालंय की साध्या स्कॅनमध्ये नुसता हिरवा ग्राफच दिसतो. दोन तास कॉन्ट्रास्ट वरखाली करण्यात घालवले. मग सुचलं की रंगीत स्कॅन करून फक्त ग्रीन चॅनल ठेवावा, म्हणजे हिरव्या रेघा कागदाएवढ्याच उजळ होऊन जवळजवळ गायब होतात आणि पेन्सिल राखाडीच असल्यामुळे तशीच राहते. ३० सेकंदांत नकाशा समोर. हे आधी सुचलं असतं तर दुपार वाचली असती.

स्टेपलरच्या पिना गंजून पानांना चिकटल्यात, त्या चिमट्याने एकेक काढल्या. पान ९ चा कोपरा गेला, तिथे खोली ४ मधल्या सापाचे एचपी होते, म्हणजे तो किती मार सोसून मरेल तो आकडा. साप आता अमर.

११ जानेवारी

फाइलमध्ये नियमांच्या झेरॉक्स आहेत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक नियमांच्या, झेरॉक्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स, मधली चार पानं गायब. जे नव्हतं ते मी स्वतः बनवलं होतं आणि जे होतं त्यातलंही न पटलेलं खोडलं होतं. आता पूर्ण नियमावलीची डिजिटल प्रत घेतलीय आणि शेजारी शेजारी ठेवून वाचतोय. लाज आणि हसू एकदमच येतंय.

मी खोडलेला नियम: जेवढी सोन्याची नाणी डंजनमधून बाहेर आणाल तेवढा एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, जे साठले की पात्राची लेव्हल वाढते. समासात माझ्या अक्षरात, "सोनं उचलून अनुभव कसा मिळेल??? मूर्खपणा". मग माझ्याकडे एक्सपी फक्त राक्षस मारून. आता हिशोब बघा, योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलला जायला २००० एक्सपी लागतात, ऑर्क नावाचा साधा राक्षस मारला की १०, तो चौघांत वाटला की प्रत्येकी अडीच, म्हणजे वज्रबाहूला लेव्हल २ साठी ८०० ऑर्क हवेत. आठशे. माझ्या अख्ख्या डंजनमध्ये ११ होते. मग मी काय केलं, तर एका ऑर्कचे १० चे १५० करून टाकले, आणि मग तक्रार करत फिरलो की हे लोक दिसेल त्याला मारत सुटतात, कोणाशी बोलतच नाहीत. अरे तूच त्यांना मारायचे पैसे देतोयस!

आणि गायब पानांवर काय होतं तर रिॲक्शन रोल. राक्षस समोर आला की डीएमने दोन सहा-बाजूंचे फासे टाकायचे, २ आला तर सरळ हल्ला, १२ आला तर एकदम दोस्ती, आणि मधल्या आकड्यांवर कुरबूर, संशय, बोलणी. २ यायची शक्यता ३६ मध्ये १. म्हणजे मूळ खेळात भेटलेला राक्षस तडक अंगावर येणं ही दुर्मीळ गोष्ट, आणि माझ्याकडे सगळेच्या सगळे आल्या आल्या अंगावर. अख्ख्या वहीत एकही राक्षस एक वाक्य बोललेला नाही. कोबोल्डसुद्धा नाही, आणि कोबोल्ड म्हणजे कुत्र्याच्या तोंडाची टीचभर माणसं, त्यांना हाड म्हटलं तरी पळाली असती.

१२ जानेवारी

चिठ्ठ्यांची डबी. वीस बाजूंचा फासा आम्ही फक्त चित्रात बघितलेला, म्हणून १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डबीत टाकायच्या, हलवायच्या, एक काढायची. मला वाटायचं हा आमचा गरिबीतला जुगाड, पण १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खुद्द खेळ काढणाऱ्या कंपनीनेच बेसिक सेटच्या डब्यात फाशांऐवजी आकड्यांच्या चिठ्ठ्यांची शीट घातली होती. हे वाचून बरं वाटलं राव.

फक्त आमच्या पद्धतीत एक भोक होतं. काढलेली चिठ्ठी परत डबीत टाकायची हे मी कुठेच लिहिलं नव्हतं, आणि घाईघाईत कोणी टाकायचंही नाही, वीस संपल्या की सगळ्या परत भरायच्या. ताईच्या हे दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. समजा वार लागायला १७ किंवा जास्त हवेत, तर भरलेल्या डबीतून शक्यता २० मध्ये ४, म्हणजे २० टक्के. पण आधीच दहा छोट्या चिठ्ठ्या बाहेर आल्या असतील तर उरलेल्या दहात चार, सरळ ४० टक्के. म्हणून झिपरी काय करायची, तर सुरुवातीला अंधारात लपून बसायची, "मी अजून वाट बघते", "मी कानोसा घेते", बाकीच्यांना रद्दी आकडे उपसू द्यायची, आणि डबी पिकली की मागून येऊन सुरा. मला वाटायचं ताई काय सुंदर चोराचा रोल करते, काय तो संयम. खरं तर ती चिठ्ठ्या मोजत होती.

फोन करून विचारलं. म्हणाली, "तुला आत्ता कळलं?"

१९ जानेवारी

टाइपिंग निम्मं झालं. प्रत्येक खोलीसाठी मी खेळाडूंना वाचून दाखवायचा परिच्छेद लिहिलाय आणि तो वाचताना अंगावर काटा येतो, चुकीच्या कारणासाठी. नमुना, खोली ३: "तुमच्या पुढ्यात एक भयाण, गूढ, काळोखी, हजारो वर्षांच्या रक्ताने माखलेली अशी भयाण खोली आहे. तुमच्या मनात भीतीची एक लहर दौडते." एकाच खोलीत दोनदा भयाण. सर्च मारला, वहीत "भयाण" ४१ वेळा, "गूढ" ३३. आणि खोलीत टेबल आहे की नाही, दारं किती, छत केवढं उंच, हे कुठेच नाही. वज्रबाहू दर वेळी विचारायचा, "ते भयाण ठीक आहे, पण दार कुठेय?"

व्हिलनची तर वेगळीच तऱ्हा. मायासुर नावाचा मांत्रिक, त्याच्यापुढे दोनदा अधोरेखित, "हा इथे मरता कामा नये, शेवटच्या खोलीपर्यंत जगला पाहिजे!!" तो खोली ५ मध्ये फक्त हसून निघून जायला आला होता. त्याचं हसणं चालू असतानाच त्रिशंकूने कंदिलाच्या तेलाची बाटली फेकली, वर मशाल. जळत्या तेलाने मांत्रिक दोन राउंडमध्ये कोळसा. खाली माझं अक्षर थरथरलेलं: "जुळा भाऊ." त्या भावालाही खोली ९ मध्ये तेल लागलं. तिथे समासात एकच शब्द, "तिळे?"

मला त्या वयात ॲडव्हेंचर लिहिणं म्हणजे गोष्ट लिहिणं वाटायचं, आणि हे चौघं माझ्या गोष्टीचं नुकसान करायला आलेत असं वाटायचं. तरी गंमत बघा, छापील अक्षरात नेटकं लिहिलेलं मला टाइप करवत नाही, आणि सेशन चालू असताना घाईत खरडलेलं सगळं अजून ताजं आहे. "धर्माने मेलेल्या सापाला दफन केलं, प्रार्थना केली, का माहीत नाही" ही ओळ मी कधीच ठरवून लिहिली नसती.

२५ जानेवारी

डंजनच्या दोन्ही लेव्हलचे, म्हणजे मजल्यांचे, नकाशे एकावर एक ठेवले, वरचा अर्धा पारदर्शक करून. एक चौकोन म्हणजे १० फूट. पहिल्या लेव्हलवरून खाली जाणारा जिना दुसऱ्या लेव्हलवर सात चौकोन पूर्वेला उगवतो, म्हणजे मध्ये कुठेतरी ७० फूट आडवा चालतो. आणि पहिल्या लेव्हलवरचं तळं बरोब्बर दुसऱ्या लेव्हलवरच्या कोरड्या ठणठणीत ग्रंथालयाच्या डोक्यावर. तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. आता जिना तिरका केला, आणि तळं मुद्दाम तिथेच ठेवलं, फक्त ग्रंथालयाच्या छताला ओल आणली, पुस्तकांचे लगदे, एका कोपऱ्यात टपटप. आता एखाद्याच्या डोक्यात येईल की वरचं पाणी सोडलं तर खालचं काय होईल. चुकीतून निघालेली ही खोली आख्ख्या डंजनमध्ये सगळ्यात बरी झालीय.

आता मुख्य भानगड. दुसऱ्या लेव्हलवर खोल्या ११ ते २०. वर्णनं ११, १२, १३, १४, १५, १६, १८, १९, २०. नकाशावर १७ आहे, जाड रेघेचं दार आहे, दारावर छोटी फुली आहे. वर्णन नाही. पान फाटलेलं नाही, पानांचे नंबर सलग आहेत. १६ संपते आणि त्याच पानावर पुढच्याच ओळीत १८ सुरू होते.

मला अजिबात आठवत नाही तिथे काय होतं ते.

२ फेब्रुवारी

चौघांना विचारलं, वेगवेगळं, एकमेकांना न सांगता.

वज्रबाहू: "विहीर. खोल विहीर, आतून साखळी ओढल्याचा आवाज यायचा. अरे मी वाकून बघितलं होतं!"

ताई: "आरसा होता. त्यात माझं प्रतिबिंब जरा उशिरा हलायचं. तू ते इतकं भारी सांगितलंस की रात्री मी बेसिनवरच्या आरशात बघितलं नव्हतं."

त्रिशंकू: "रिकामी खोली, जमीन खोटी. मी तिथेच मेलो." (कॅरेक्टर शीटवर साफ लिहिलंय, मृत्यू: खोली १२, कोळी.)

धर्मा: "नाही रे आठवत. एवढंच आठवतंय की दारापाशी आम्ही होतो आणि तू जाम हसत होतास."

विहीर काय, आरसा काय, दोन्ही मस्त. मला दोन्हींचा अभिमान वाटायला लागलाय आणि मी त्या लिहिल्याचा पुरावा एकही नाही.

१५ फेब्रुवारी

सापडलं. वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला उभ्या रेघांच्या ओळीच ओळी आहेत, मी त्या टाइमपास म्हणून स्कॅनमधून वगळल्या होत्या. आज सहज मोजल्या तर सहा-सहाचे गठ्ठे. मशाली!

सांगतो. डंजनमध्ये वेळ टर्नमध्ये मोजतात, एक टर्न १० मिनिटं, आणि मशाल सहा टर्न जळते. दर टर्नला एक रेघ, सहा झाल्या की मशाल खोडायची. दर दुसऱ्या टर्नला सहाचा फासा टाकायचा, १ आला तर फिरता राक्षस येतो, त्याची खूण म्हणून मी रेघेखाली टिंब द्यायचो. हा एक नियम मी त्या वयात अगदी इमानदारीत पाळला होता, कारण हिशोब ठेवायला मला आवडायचं. रेघांच्या वर बारीक अक्षरात खोल्यांचे नंबर. म्हणजे ही अख्खी मोहीम मिनिटागणिक लिहिलेली आहे.

वाचत गेलो. ११, १२ (इथे "त्रि. मेला", बघा), जिन्यापर्यंत परत, नवा त्रिशंकू, १३, १५, १६. आणि १६ नंतर: "मशाल = २. परत." मग फक्त रेघा.

का परतले तेही कळतं. धातूचं चिलखत घातलेला माणूस डंजनमध्ये जपून चालताना टर्नला ६० फूट जातो, वर खजिना लादला असेल तर ३०. १५ मधून त्यांनी तांब्याच्या नाण्यांच्या गोण्या उचलल्या होत्या. १६ पासून जिना ३६ चौकोन, ३६० फूट, टर्नला ३० म्हणजे १२ टर्न, दर सहावा टर्न विश्रांतीचा हा नियम धरला तर १४. दोन मशाली म्हणजे १२. पुठ्ठ्यावर १२ रेघा आहेत, आणि पुढे दोन रेघा गोलात, "अंधारात".

पुढच्या पानावर दुसरंच ॲडव्हेंचर सुरू, एका बेटावरचं. काळकोठडीत ते परत कधी गेलेच नाहीत.

म्हणजे १७ चं दार कोणी उघडलंच नाही. विहीर नव्हती, आरसा नव्हता. ताईला रात्री ज्या आरशाची भीती वाटली तो मी कधी बोललोच नाही. आणि मी दारापाशी हसत होतो ते बहुधा यासाठीच की आत काय आहे ते मी लिहिलंच नव्हतं आणि यांना वाटत होतं काहीतरी जबरदस्त आहे.

हे चौघांना सांगायचं का? आज तरी नाही.

२३ फेब्रुवारी

तयारी. एक्सपी मूळ नियमाप्रमाणे सोन्यावर, रिॲक्शन रोल चालू, वाचून दाखवायचे परिच्छेद उडवले, प्रत्येक खोलीला तीन ओळी: काय दिसतं, काय ऐकू येतं, दारं किती. मायासुराला तेल लागून मरायची परवानगी दिली. चिठ्ठ्या नाहीत, खरे फासे, आणि ताईला आधीच सांगितलंय.

१७ साठी तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही खोडलं. विहीर लिहिली तर वज्रबाहूचीच परत केल्यासारखी होते, आरसा लिहिला तर ताईचा, आणि नवीन काही लिहिलं तर ४२ वर्षांच्या माणसाने १५ वर्षांच्या पोराच्या वहीत घुसखोरी केल्यासारखं वाटतं. रिकामी सोडली.

२ मार्च

पहिलं सेशन, अडीच तास. त्यातला पाऊण तास माइक. त्रिशंकूने पहिल्याच खोलीत तेलाच्या बाटल्या किती आहेत ते विचारलं. सोन्याच्या नियमाने खेळ पार बदललाय, ऑर्क झोपलेले दिसले तर चौघं चपला हातात घेऊन बाजूने गेले. धर्माने सापाला (अमर) गाणं म्हणून दाखवलं. सरळ दुसऱ्या लेव्हलपर्यंत उतरले, ग्रंथालयात टपटप ऐकून वज्रबाहूने विचारलं, "वर तळं होतं ना रे?" मी काही बोललो नाही, पण आतून उड्या मारत होतो.

९ मार्च

दुसरं सेशन. १६ मधून बाहेर पडले आणि १७ च्या दारापाशी आले. हातातल्या मशालीच्या दोन रेघा झालेल्या, पिशवीत आणखी एक मशाल.

आणि तिथे जे सुरू झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे. वज्रबाहू म्हणाला, थांबा, आत विहीर आहे, मी कमरेला दोर बांधतो. ताई म्हणाली, कसली विहीर, आरसा आहे, कंदील झाका, कोणी सरळ बघायचं नाही. त्रिशंकू म्हणाला, दोघंही गप्प बसा, जमीन खोटी आहे, दहा फुटी काठीने ठोकल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, मी एकदा मेलोय. वज्रबाहू: तू कोळ्याने मेलास. त्रिशंकू: कोळी दुसऱ्या वेळी. ताई: मला नीट आठवतंय, मी बेसिनवर... असं करत करत दोर बांधला, सोडला, कंदिलावर कापड टाकलं, काढलं, काठीवरून भांडण. मी फक्त रेघा मारत होतो. दहा मिनिटं बोललात तर एक टर्न, हे आधीच सांगितलेलं. तिसरी रेघ. चौथी, फासा टाकला, काही नाही. पाचवी. सहावी, मशाल विझली, धर्माने शेवटची पेटवली, आणि सहाव्या टर्नचा फासा: १.

फिरत्या राक्षसांचं टेबल बघितलं, कोबोल्ड, पाच. वहीतल्या सवयीने तोंडावर "हल्ला" येत होतं. रिॲक्शन टाकला, पाच आणि चार, नऊ. हल्ला नाही. म्हणजे यांना आता काहीतरी बोलायला हवं, आणि मी कोबोल्डचा आवाज कधी काढलेलाच नाही. जरा नाकातून काढला. "तुम्ही इतका आरडाओरडा का करताय, आमची पोरं झोपलीत."

चौघं एकदम गप्प. मग ताई हसायला लागली, मग सगळेच, नीट दोन मिनिटं कोणाला बोलता येईना, आणि ते शांत झाल्यावर धर्मा, जो आख्ख्या भांडणात एक शब्द बोलला नव्हता, त्याने अगदी अदबीने विचारलं, "तुम्ही इथलेच ना? मग या दारामागे काय आहे ते तुम्हीच सांगा."

माझ्यापुढे वही उघडी होती. १६ संपते, पुढच्याच ओळीत १८.

कोबोल्ड म्हणाला, "आम्ही पण कधी उघडलं नाही."

मशाल: १/६. शिल्लक: ०. जिन्यापर्यंत ३६० फूट. पुढचं सेशन १६ मार्च, आणि ताईने आत्ताच मेसेज टाकलाय की दोर तिला हवाय.